एका गोष्टीची नोंद एकाच जागी

एटापल्ली हा गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातला, जंगलाने वेढलेला तालुका. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानुसार इथल्या एखाद्या माडिया कुटुंबाला जे प्रमाणपत्र मिळते, त्यावर नवरा-बायको दोघांची नावे असतात, जमिनीचे क्षेत्र असते, चतुःसीमा असतात. कागद हाती आला म्हणजे काम झाले, असे बाहेरच्या माणसाला वाटते. पण पीककर्ज काढायचे असेल किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर हमीभावाने धान विकायचे असेल, तर पुढचा प्रश्न उभा राहतो. या हक्काची नोंद महसुलाच्या दप्तरात कुठे आहे? कोणत्या नमुन्यात, कोणत्या रकान्यात?

प्रश्न कारकुनी वाटतो, पण त्याच्यामागे एक शास्त्र आहे. कोणत्या गोष्टींची नोंद ठेवायची, प्रत्येक गोष्टीची ओळख कशाने पटवायची आणि कोणती नोंद कोणत्या नोंदीशी जोडायची, हे ठरवण्याला संगणकाच्या भाषेत डेटाबेसची, म्हणजे माहितीकोशाची, रचना म्हणतात. ही रचना करण्याआधी काम प्रत्यक्षात कसे चालते, माहिती कोणाकडून येते, कोण ती वापरतो, कोण ती दुरुस्त करू शकतो, याचा शोध घ्यावा लागतो. त्याला प्रणाली विश्लेषण म्हणतात. बँका, कारखाने, विमा कंपन्या यांच्या संगणकीकरणात या दोन कामांवर सगळा डोलारा उभा असतो. आपल्याकडे मात्र या विचाराचा इतिहास संगणकाच्या शंभर वर्षे आधी, शेताच्या बांधावर सुरू होतो.

क्रमांक शेताला, माणसाला नव्हे

पेशवाई संपल्यावर इंग्रजांपुढे दख्खनच्या जमीन महसुलाचा प्रश्न आला. १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात प्रिंगल या अधिकाऱ्याने मोजणी सुरू केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न किती, लागवडीचा खर्च किती, निव्वळ नफा किती, असा बारीक हिशेब करून सारा ठरवायचा, अशी त्याची पद्धत होती. कागदावर ती उत्तम होती, पण इतकी माहिती खात्रीने गोळा करणे शक्यच नव्हते. ती योजना फसली. विश्लेषकाने घ्यावा असा हा पहिला धडा : जी माहिती भरवशाने मिळत नाही, तिच्यावर आधारलेला रकाना काढू नये.

त्यानंतर १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी काम नव्याने हाती घेतले. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालाने पुढच्या मोजणीचे नियम घालून दिले. त्यांची मुख्य युक्ती साधी होती. एका बैलजोडीने कसता येईल एवढ्या अदमासाचे शेत हे एकक धरायचे, त्याच्या हद्दीवर दगड रोवायचे, ते नकाशावर काढायचे आणि त्याला एक क्रमांक द्यायचा. हा सर्व्हे नंबर. शेत विकले जाते, भावाभावांत वाटले जाते, मालक मरतो, पण क्रमांक तोच राहतो.

आजच्या संगणकशास्त्रात अशा क्रमांकाला प्रमुख किल्ली म्हणतात. चांगल्या किल्लीचे तीन गुण असतात. ती प्रत्येक वस्तूला वेगळी असते, ती सहसा बदलत नाही आणि वस्तूचे इतर गुण बदलले तरी तिला धक्का लागत नाही. माणसाचे नाव यांपैकी एकाही कसोटीला उतरत नाही. एकाच गावात एका नावाची तीन माणसे असतात. एकच नाव दोन कारकून दोन तऱ्हांनी लिहितात. माडिया नावे मराठी कानाने ऐकून देवनागरीत उतरवली जातात तेव्हा तर एकाच माणसाचे नाव शिधापत्रिकेवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि मतदार यादीत तिसरे असे सहज होते. संगणकाच्या लेखी ही तीन माणसे असतात.

एकवीस नमुने आणि पेन्सिलीची नोंद

सर्व्हे नंबर मिळाला तरी त्या जमिनीवर हक्क कोणाचा, याची व्यवस्थित नोंद नव्हती. ती ठेवण्यासाठी मुंबई इलाख्यात १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात सामावला गेला. गावपातळीवरची दप्तरे एका सूत्रात बांधण्याचे श्रेय एफ. जी. एच. अँडरसन या अधिकाऱ्याला दिले जाते. महसुली हिशेबावरची त्याची पुस्तिका महसूल खात्यात पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. गाव नमुना एक ते एकवीस ही मांडणी त्या परंपरेतली आहे.

या नमुन्यांकडे माहितीकोश म्हणून पाहिले की गंमत वाटते. नमुना एक म्हणजे आकारबंद : गावातला प्रत्येक सर्व्हे नंबर, त्याचे क्षेत्र आणि आकारणी. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख : त्या नंबरावर हक्क कोणाचा. नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद : त्या नंबरात त्या वर्षी काय पेरले. सात आणि बारा एका कागदावर येतात म्हणून तो सातबारा. नमुना आठ-अ मात्र उलट बाजूने लिहिलेला असतो. सातमध्ये शेत घ्यायचे आणि माणूस शोधायचा, आठ-अ मध्ये खातेदार घ्यायचा आणि त्याची सगळी शेते पाहायची. एकच माहिती दोन दिशांनी पाहण्याची ही सोय आहे. सर्व नमुना सातमधल्या क्षेत्रांची बेरीज नमुना एकशी जुळली पाहिजे, हा ताळाही त्यातच आहे.

सर्वांत सुंदर भाग नमुना सहाचा, म्हणजे फेरफार नोंदवहीचा. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली की तलाठ्याने सातबाऱ्यावरचे नाव थेट खोडायचे नसते. आधी फेरफार वहीत क्रमाने नोंद घालायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी मुदत ठेवायची. हरकत आली तर ती वेगळ्या वादग्रस्त वहीत जाते. तोवर सातबाऱ्यावर नवे नाव पेन्सिलीने लिहायचे आणि वरच्या अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला की शाईने. घटना पूर्ण झाली तर पूर्ण, नाही तर मुळीच नाही. अर्धवट स्थिती पक्क्या दप्तरात राहता कामा नये, हा तो नियम. १९७० च्या दशकात जिम ग्रे आणि इतर संगणकशास्त्रज्ञांनी व्यवहार या संकल्पनेचे जे शास्त्र उभे केले, त्याचा गाभा हाच आहे. बँकेच्या यंत्रातून पैसे काढताना मध्येच वीज गेली तरी खात्याचा हिशेब बिघडत नाही, तो या नियमामुळे.

दोष नव्हते असे मात्र नाही. सात आणि आठ-अ दोन्ही हाताने लिहावे लागत. एकात दुरुस्ती झाली आणि दुसऱ्यात राहिली, तर दोन सरकारी कागद परस्परविरोधी बोलू लागत.

चांद्याची वेगळी वाट

हे सारे दख्खनमधले. चांदा जिल्हा, ज्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला, तो मध्य प्रांतात होता. तिथे सारा शेतकऱ्याकडून थेट घेतला जात नसे. मालगुजार आणि जमीनदार मध्ये असत. मेजर लूसी स्मिथ यांचा चांद्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ चा आहे. जिल्ह्याच्या पूर्व-दक्षिण भागात जमीनदाऱ्या होत्या आणि त्यांतली अहेरीची सर्वांत मोठी. जंगल जमीनदारीत मोडत असे.

मध्य प्रांताच्या दप्तरात खसरा आणि जमाबंदीबरोबर आणखी एक कागद असे, वाजिब-उल-अर्ज. गावातल्या रूढी, पाणी, वाट, चराई, जंगलातून लाकूडफाटा आणण्याची वहिवाट यांची ती नोंद. निस्तार हा शब्दही तिथलाच. म्हणजे शेताच्या मालकीपलीकडे गावाचा जंगलाशी जो संबंध असतो, त्याला या दप्तरात निदान एक स्वतंत्र जागा होती.

१९५१ मध्ये मालगुजारी आणि जमीनदारी संपली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. ती १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली आणि सगळ्या राज्याला एक साचा मिळाला. निस्तारपत्रक संहितेत टिकले, पण रोजच्या व्यवहारात कागद म्हणजे सातबारा झाला. इंदापूरच्या काळ्या रानासाठी घडवलेली रचना एटापल्लीच्या जंगलाला लागू झाली. तिचे गृहीत असे होते की शेत कायमचे असते, त्याला हद्द असते आणि त्याला एक धारक असतो. माडिया लोकांची पेंदा शेती, म्हणजे जंगलाचा तुकडा काही वर्षे कसून पुढे सरकण्याची आणि पहिला तुकडा पुन्हा वाढू देण्याची पद्धत, या गृहीतात बसणारी नव्हती. ज्याला रकाना नाही ते दप्तराच्या लेखी अस्तित्वात नसते. वहिवाट दिसत नसली की उरतो एकच शब्द : अतिक्रमण.

झाड आणि तक्ते

आता संगणकाकडे वळू. व्यापारी कामासाठी संगणक नियमित वापरण्याची सुरुवात इंग्लंडमधल्या लायन्स या चहा-बेकरी कंपनीने नोव्हेंबर १९५१ मध्ये केली. लक्षात घेण्यासारखे हे की कार्यालयातली कामे तपासून सुधारण्याची पद्धत त्या कंपनीत संगणकाच्या आधीपासून होती. विश्लेषण आधी आले, यंत्र नंतर.

१९६० च्या दशकात चार्ल्स बाकमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये माहितीकोश सांभाळणारी पहिली मोठी प्रणाली घडवली. आयबीएमने अपोलो यानाच्या लाखो सुट्या भागांची यादी ठेवण्यासाठी जी प्रणाली उभारली, ती झाडासारखी होती. यानाचा विभाग, त्याचे उपविभाग, त्याचे भाग. प्रत्येक भागाला वर एकच पालक. यंत्राच्या भागांना ही मांडणी शोभते. गावाला ती शोभत नाही. गावाखाली खातेदार आणि खातेदाराखाली शेत असे झाड काढले, तर तीन भावांचे सामाईक शेत कोणत्या फांदीवर टांगायचे? शेताखाली माणूस लिहिला, तर दोन गावांत जमीन असलेल्या माणसाचे काय?

आयबीएममध्ये काम करणारे इंग्रज गणिती एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये एका निबंधात वेगळा मार्ग मांडला. त्यांनी संचशास्त्राचा आधार घेतला. गणिताच्या शिक्षकांना कार्टेशियन गुणाकार आणि संबंध या कल्पना परिचित आहेत. दोन किंवा अधिक संचांच्या कार्टेशियन गुणाकाराचा उपसंच म्हणजे संबंध. कॉड म्हणाले, प्रत्येक तक्ता हा असा एक संबंध माना. तक्त्यातल्या ओळींना क्रम नको, वरखाली पालक नको. दोन तक्ते जोडायचे ते फक्त समान किल्लीच्या आधाराने. झाडात आधीच आखलेल्या वाटेनेच जाता येते; तक्त्यांत कोणताही प्रश्न कोणत्याही दिशेने विचारता येतो. सात आणि आठ-अ हे दोन वेगळे कागद ठेवण्याची गरजच राहत नाही. शेते, माणसे आणि कोणाचा कोणत्या शेतात किती हिस्सा, असे तीन तक्ते असले की दोन्ही कागद त्यांतून हवे तेव्हा छापता येतात. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये वस्तू आणि त्यांचे संबंध चित्राने मांडण्याची रीत दिली. आजही रचनेची सुरुवात बहुधा तशा चित्राने होते.

तेंदूपानांच्या वहीचे उदाहरण

कॉड यांच्या विचारातला व्यवहारी भाग म्हणजे प्रसामान्यीकरण. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे : एका गोष्टीची नोंद एकाच जागी. एटापल्ली भागातल्या उन्हाळी उत्पन्नाचेच उदाहरण घेऊ. वनहक्क आणि पेसा कायद्यांच्या आधारे गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूपानांची विक्री स्वतः करू लागल्या. समजा, एका ग्रामसभेने संकलन केंद्रावर एकच वही ठेवली आणि तिचे रकाने असे आहेत : तारीख, कुटुंबप्रमुखाचे नाव, बँक खाते, आणलेले पुडे, दर, रक्कम.

पंधरा दिवस पाने आणणाऱ्या कुटुंबाचे बँक खाते पंधरा ओळींत लिहिले जाईल. खाते बदलले तर पंधरा जागी खोडावे लागेल आणि एखादी जागा राहून जाईल. हा पहिला दोष. अजून एकही पुडा न आणलेल्या कुटुंबाचे नाव वहीत घालताच येणार नाही, कारण ओळ पुड्यांची आहे. हा दुसरा. एका कुटुंबाने एकाच दिवशी पाने आणली आणि ती ओळ चुकीची म्हणून काढून टाकली, तर पुड्यांबरोबर त्या कुटुंबाची ओळखही पुसली जाईल. हा तिसरा. शिवाय नाव दोन तऱ्हांनी लिहिले गेले तर हंगामाअखेरीचा बोनस वाटताना एका कुटुंबाची दोन कुटुंबे होतील.

उपाय असा. कुटुंबांचा एक तक्ता, प्रत्येकाला क्रमांक, त्यातच बँक खाते. हंगाम आणि त्याचा दर यांचा दुसरा तक्ता. तिसऱ्या तक्त्यात फक्त तारीख, कुटुंब क्रमांक आणि पुडे. रक्कम लिहायचीच नाही, ती पुडे आणि दर यांवरून काढायची. म्हणजे पुडे दुरुस्त केले आणि रक्कम जुनीच राहिली, असे होणार नाही.

इथवर रचना झाली. विश्लेषक याच्याही पलीकडे एक प्रश्न विचारतो. पाने तोडायला रानात बरेचदा बाया जातात; मग वहीत कुटुंबप्रमुखाचे नाव आणि त्याचेच बँक खाते का? हा प्रश्न कॉड यांच्या नियमांत सापडत नाही. तो केंद्रावर उभे राहून पाहिल्यावरच सुचतो.

वर्ध्यापासून पुढे

जमिनीच्या दप्तराचे संगणकीकरण भारतात १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. महाराष्ट्रातून निवड झाली ती वर्धा जिल्ह्याची. पुढे ही योजना देशभर गेली. २००८ मध्ये तिला भूमी अभिलेख आधुनिकीकरणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे रूप आले, कारण तोवर मजकूर एकीकडे आणि नकाशा दुसरीकडे अशी स्थिती होती. सातबारा संगणकात गेला तरी त्यातला सर्व्हे नंबर जमिनीवर कोठे आहे, हे संगणकाला माहीत नव्हते. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्यानंतर सातबाऱ्याचा नमुनाही सुधारण्यात आला : गावाला संकेतांक आला आणि खाते क्रमांक खातेदाराच्या नावाशेजारी आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करण्याची सोय झाली.

या साऱ्या प्रवासात एक चूक जगभरच्या संगणकीकरणात पुन्हा पुन्हा दिसते. छापील फॉर्म हीच माहितीची रचना, असे समजून तो जसाच्या तसा पडद्यावर आणला जातो. फॉर्म हा माहितीचा एक देखावा असतो. त्यामागच्या वस्तू कोणत्या, हे शोधले नाही तर कागदावरचा घोळ जास्त वेगाने फिरू लागतो. सातबाऱ्यावरचा इतर हक्क हा रकाना याचे उत्तम उदाहरण. बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, विहिरीतला हिस्सा, हस्तांतरणावरचे निर्बंध, सारे त्यात मजकूर म्हणून लिहिले जाते. माणसाला ते वाचता येते. संगणकाला त्यावर बेरीज किंवा शोध नीट करता येत नाही.

रकान्यात न मावणारे

आता पहिल्या प्रश्नाकडे पुन्हा पाहू. वनहक्क कायद्यातला वैयक्तिक हक्क जास्तीत जास्त चार हेक्टरांपर्यंतचा आहे. तो वारसाने मिळतो, पण विकता येत नाही. विवाहितांच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. म्हणजे ही मालकी नव्हे आणि कुळवहिवाटही नव्हे. ती वेगळ्याच प्रकारची वस्तू आहे. जमीन वनात असेल तर वनखात्याच्या दप्तरात तिची किल्ली कक्ष क्रमांक आणि महसुलाच्या दप्तरात सर्व्हे नंबर. दोन खात्यांच्या दोन किल्ल्या आणि त्या जुळवणारा तक्ता नसेल, तर एकच शेत दोन ठिकाणी दोन निराळी शेते होते. हक्क दिल्यावर त्याची नोंद महसूल आणि वन या दोन्ही अभिलेखांत करावी आणि त्याला तीन महिन्यांपेक्षा जास्त वेळ लागू नये, असे कायद्याच्या २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांत सांगितले आहे.

ती नोंद कोणत्या रकान्यात करायची, यावर माणसे रस्त्यावर उतरली आहेत. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या शेतकऱ्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि वनहक्क ही त्यांची प्रमुख मागणी होती. २०२३ च्या मोर्चात मागणी अधिक नेमकी होती : नाव इतर हक्कात नको, कब्जेदार सदरी हवे. ज्यांना माहितीकोशाची रचना हा नीरस विषय वाटतो, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

सामूहिक हक्क तर याहून अवघड. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. इथे धारक माणूस नाही, ग्रामसभा आहे. एका जंगलात दोन गावांची वहिवाट असू शकते, एका गावाची वहिवाट अनेक कक्षांत पसरलेली असते. अपोलोच्या झाडावर हे टांगता येणार नाही. तक्त्यांत मात्र गाव, कक्ष आणि त्यांच्यातला हक्क अशा तीन वस्तू मांडून ते सहज बसते. कायद्याने निस्ताराचा आणि जमीनदारी काळातल्या वहिवाटींचा नाव घेऊन उल्लेख केला आहे. वाजिब-उल-अर्जमध्ये जी जागा होती, ती नव्या रचनेत पुन्हा करावी लागणार आहे.

आणखी एक तरतूद विश्लेषकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. दाव्यासाठी उपग्रहाचे छायाचित्र पूरक पुरावा म्हणून घेता येते, पण ते इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवलेले निवेदन हाही पुरावा आहे. छायाचित्राला झाडे दिसतात. पूर्वी पेंदा केलेली आणि आता वाढू दिलेली जागा कोणाची, हे म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असते.

वर्गात करून पाहण्याजोगे

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हा विषय शाळेतच दाखवता येईल. एका विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता शाळेच्या किती वह्यांत लिहिलेला आहे, ते मोजायला सांगावे : जनरल रजिस्टर, हजेरीपट, शिष्यवृत्तीची यादी, पोषण आहाराची नोंद, गुणपत्रक. कोठे नावाचे शुद्धलेखन वेगळे आहे? पत्ता बदलला तर किती जागी खोडावे लागेल? मग या सगळ्यांचे कमीत कमी किती तक्ते होतील, प्रत्येकाची किल्ली कोणती, हे कागदावर काढायला सांगावे. गटागटांची उत्तरे वेगळी येतील आणि त्यावर वाद होईल. तो होऊ द्यावा. शेवटी प्रत्येक गटाला एकच प्रश्न विचारावा : तुमच्या रचनेत न बसणारा एखादा विद्यार्थी आपल्या शाळेत आहे का? वर्षाच्या मध्ये कामासाठी आईवडिलांबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात जाणारा, दोन नावे असलेला, जन्मतारीख कोणाला नक्की माहीत नसलेला? असा एक जरी निघाला, तरी बदलायची ती रचना, विद्यार्थी नव्हे.